थॉमस मर्टन यांची चित्रे आणि आमचे एक उत्तर

थॉमस मर्टन हे नाव आमच्या वाचकांना अगदीच अपरिचित नसावे. ‘द सेव्हन स्टोरी माउंटन’ हे त्यांचे आत्मचरित्र १९४८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षभरातच त्याच्या ६ लाखांवर प्रती खपल्या, आणि महायुद्धाने पोळलेल्या पिढीतील कित्येक तरुण ते पुस्तक मिटून मठांच्या दारांशी येऊन उभे राहिले. आमच्या वेळच्या गुरुविद्यार्थ्यांनीही सेमिनरीच्या ग्रंथालयातील, पाने सुटी झालेली त्याची प्रत हातोहात फिरवून वाचली आहे. कवी, निबंधकार, शांततेचे कैवारी, पौर्वात्य अध्यात्माचे अभ्यासक अशी मर्टन यांची इतर रूपेही पुढे परिचयाची झाली. ते चित्रे काढीत, हे मात्र आम्हांला फार उशिरा समजले. आणि समजल्यावरही थोर माणसाचा एक विरंगुळा म्हणून आम्ही तिकडे कानाडोळाच केला.

ती चित्रे गेल्या काही महिन्यांत आम्ही पुन्हा, ह्या खेपेस नीट बसून, पाहिली. त्याला निमित्त झाले आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर हे गृहस्थ चित्रे काढू लागले. कोणाकडे शिकले नाहीत. आरंभी त्यांनी पोस्टर कलर वापरले. ते जाड लावले की पोपडे निघतात, म्हणून तैलरंगांकडे वळले. तैलरंगांना आमच्याकडील पावसाळा मानवेना. जून महिन्यात रंगवलेले चित्र सप्टेंबरात पवित्र मरियेच्या जन्माचा सण आला तरी बोटाला चिकटे, आणि कॅनव्हासच्या मागे बुरशी धरे. मग ॲक्रिलिक आले. ते पाण्यात कालवता येतात, पण बघता बघता सुकतात. विचार करायला सवड देत नाहीत. शेवटी त्यांच्या हाती लागला तो होड्यांना मारून डब्याच्या तळाशी उरलेला रंग. तो प्लायवूडच्या फळीवर ओतून, फळी इकडून तिकडे कलती करून, रंग कोठवर वाहतो हे ते पाहू लागले. रंग बदलत गेले तसे चित्रांचे विषयही झिजत गेले. पहिल्या चित्रांत चर्चचा दर्शनी भाग होता, नारळी होत्या, किनाऱ्याला लागलेल्या होड्या होत्या. मग होडीची नुसती कड राहिली, आणि पुढे कडही गेली.

एके दिवशी त्यांनी आम्हांला घरी बोलावून ही सारी चित्रे भिंतीला टेकवून मांडली आणि विचारले, “फादर, हे चालेल का?” आम्ही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलो, चहा घेतला आणि म्हणालो, “रंग छान साधले आहेत. आता एखादे पवित्र मरियेचे चित्र काढा, सणाला चर्चमध्ये लावू.” त्यांनी मान डोलावली. त्यानंतर त्यांनी आम्हांला चित्रे दाखवलेली नाहीत. उत्तर उद्धट नव्हते, उलट उत्तेजनार्थच दिले होते. पण त्या गृहस्थांनी जे विचारले होते त्याचे ते उत्तर नव्हते, हे आम्हांला बंगल्यावर परतेपर्यंत कळून चुकले. प्रस्तुत लेख हा ते उत्तर शोधण्याचा खटाटोप आहे, आणि मर्टन यांच्याकडे आम्ही गेलो ते त्यासाठी.

मर्टन यांचा जन्म ३१ जानेवारी १९१५ रोजी फ्रान्समधील प्राद ह्या गावी झाला. वडील ओवेन मर्टन न्यूझीलंडचे, आई रूथ अमेरिकेची. दोघेही चित्रकलेचे विद्यार्थी, पॅरिसमध्ये एकमेकांना भेटलेले. ओवेन पुढे निसर्गदृश्ये रंगवणारे बऱ्यापैकी नाव मिळवलेले चित्रकार झाले. हाताशी पैसा मात्र कधी राहिला नाही. १९२१ साली आई कर्करोगाने गेली तेव्हा थॉमस सहा वर्षांचा होता. त्याला रुग्णालयात नेण्यात आले नाही. आपण आता पुन्हा भेटणार नाही, हे त्या माउलीने मुलाला चिठ्ठी लिहून कळवले. सहा वर्षांच्या पोराने ती चिठ्ठी झाडाखाली बसून अक्षर अक्षर लावीत वाचली.

दहा वर्षांनी, १९३१ च्या जानेवारीत, वडील लंडनमध्ये वारले. त्यांच्या मेंदूत गाठ झाली होती आणि वाचा गेली होती. मर्टन एकदा त्यांना भेटावयास गेले असता त्यांना दिसले की वडिलांच्या अंथरुणावर कागदाचे कपटे पसरले आहेत आणि त्यांवर लहान लहान संत रेखाटलेले आहेत: दाढीवाले, जुन्या बायझंटाइन धाटणीचे, चेहऱ्याने काहीसे कोपिष्ट, डोक्यामागे भल्यामोठ्या प्रभावळी. ओवेन यांनी पूर्वी कधी अशी चित्रे काढली नव्हती. बोलता न येणारा हा माणूस आत कोणाशी तरी बोलत असला पाहिजे, असे मर्टन यांना पुढे वाटत राहिले.

आईचा निरोप अक्षरांतून आला आणि वडिलांचा चित्रांतून. मर्टन यांच्या चित्रांविषयी जे काही लिहिले गेले आहे त्यात झेन संप्रदायाचा, जपानी सुलेखनाचा आणि न्यूयॉर्कच्या अमूर्त चित्रकारांचा उल्लेख हमखास येतो, आणि तो योग्यच आहे. पण आम्हांला विचाराल तर मूळ ह्या दोन रुग्णशय्यांपाशी आहे. आयुष्यभर हा माणूस आईच्या बाजूने चालला. त्याने लिहिले, लिहिले, अतोनात लिहिले. साठाच्या वर पुस्तके होतील इतके लिहिले. पंचेचाळिशी आल्यावर मात्र त्याने वडिलांचे हत्यार उचलले.

अर्थात चित्रकलेशी त्यांचा संबंध त्याआधीही तुटला नव्हता. १९३३ साली अठरा वर्षांचे मर्टन रोमला गेले असता तेथील प्राचीन चर्चमधल्या बायझंटाइन मोझेइक चित्रांनी त्यांना खिळवून ठेवले. ख्रिस्त कोण, हे आपल्याला प्रथम त्या चित्रांनी सांगितले, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. कोलंबिया विद्यापीठात ते ‘जेस्टर’ ह्या विनोदी नियतकालिकाचे कलासंपादक होते आणि स्वतः व्यंग्यचित्रे काढीत. एम.ए.चा प्रबंध त्यांनी विल्यम ब्लेक ह्या कवी-चित्रकारावर लिहिला. १९३८ साली त्यांनी कॅथलिक चर्चमध्ये स्नानसंस्कार स्वीकारला, १० डिसेंबर १९४१ रोजी केंटकी राज्यातील गेथसेमनीच्या ट्रॅपिस्ट मठात प्रवेश केला आणि १९४९ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. मठातले त्यांचे नाव फादर लुईस.

मठातील पहिल्या दशकातली त्यांची चित्रे आकृतिप्रधान आहेत. कुंचला आणि काळी शाई घेऊन काढलेले संन्याशांचे चेहरे, पवित्र मरिया, संत, संदेष्टे. रेषा जाड, ठाम, न थरथरणारी. ही चित्रे सामान्य वाचकाला आवडतील. आमचेही मन प्रथम त्यांच्यावरच बसले. पण सलग वीस-पंचवीस पाहिल्यावर एक गोष्ट खटकू लागते. ही प्रवचनकाराची रेषा आहे. काय सांगायचे ते आधी ठरलेले आहे, आणि कुंचला ते फक्त मोठ्याने वाचून दाखवतो. संत करुणामय आहे हे आपल्याला ठाऊक असते, चित्र पाहून पुन्हा तेवढेच कळते. आम्ही धर्मगुरू असल्यामुळे ही खोड आमच्या चांगल्या परिचयाची आहे.

साधारणतः १९६० पासून आकृती नाहीशा होऊ लागतात. मर्टन शाईत बुडवलेल्या कुंचल्याचा एकच फटकारा कागदावर ओढीत आणि थांबत. कधी एखादे वर्तुळ, न मिटलेले. कधी दोन उभे फराटे आणि त्यांच्यामध्ये राहिलेली पांढरी जागा. कधी ठिपक्यांची आणि आकड्यांची अशी मांडणी, की ही कोणती तरी लिपी असावी आणि आपल्याला ती वाचता येत नाही, असा भास व्हावा. पुढे त्यांनी कुंचलाही बाजूला ठेवून पाहिला. मठाच्या आवारातील गवताच्या काड्या शाईत भिजवून त्यांनी कागदावर टेकवल्या. एका कागदावरील ओल्या शाईवर दुसरा कागद दाबून, उचलून, उमटेल तो ठसा घेतला. अशा ठशाची गंमत ही, की त्यात काढणाऱ्याचा हात असतो आणि नसतोही. शाई किती पसरेल, कागद किती पिईल, ह्यावर त्याची सत्ता चालत नाही. केंटकीतील बेलरमिन विद्यापीठाच्या मर्टन केंद्रात त्यांची सुमारे ९०० रेखाटने जतन केलेली आहेत.

हा काळ मर्टन यांच्या आयुष्यातला शांत काळ नव्हता. अण्वस्त्रांच्या विरोधात ते तळमळून लिहीत होते आणि १९६२ च्या वसंत ऋतूत संघाच्या वरिष्ठांनी त्यांना युद्ध ह्या विषयावर काही प्रसिद्ध करण्यास मनाई केली. आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या संन्याशाने ती आज्ञा मानली, मात्र खाजगी पत्रे आणि हस्तमुद्रित प्रती मित्रांत फिरत राहिल्या. मनाईमुळे ते शाईच्या डागांकडे वळले असे आम्ही म्हणणार नाही. तारखाही त्याला अनुकूल नाहीत, कारण डागांना आरंभ आधीच झाला होता. इतकेच म्हणू, की ज्याचे शब्द अडवले गेले आहेत अशा माणसाच्या टेबलावर ती शाईची वाटी होती, हे ही चित्रे पाहताना विसरता येत नाही.

आता मूल्यमापन. ९०० रेखाटनांपैकी पुस्तकांतून छापलेली तेवढीच आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांतीलही पुष्कळशी आम्हांला किरकोळ वाटतात. हे लिहिताना जीभ अडखळते, कारण ह्या लेखकाचे ऋण आमच्यावर मोठे आहे. पण जो उधळेपणा मर्टन यांच्या गद्यात आहे तोच शाईतही उतरला आहे. त्यांना थांबणे जमत नसे. एखाद्या पानावर दोन फराट्यांनी काम झालेले असते, तेथे ते तिसरा ओढतात आणि चित्राची नक्षी होते. काही ठशांत तर शाई सांडल्यापलीकडे काही नाही. खाली मर्टन यांचे नाव नसते तर कोणी ते जपून ठेवले नसते. उरलेल्यांत मात्र एक डझनभर पाने अशी आहेत, की त्यांच्यापुढे बोलणे सुचत नाही. आमच्या मनात घर करून राहिलेल्या एका पानावर केवळ काही बारीक काड्यांचे ठसे आहेत, वाऱ्याने एका अंगाला कललेले, आणि सबंध वरचा भाग कोरा. त्या कोऱ्या भागाला इतके वजन आहे, की काड्या त्याच्याखाली वाकल्या आहेत असे वाटावे. अमुक अमुक दाखवायचे आहे असे म्हणून हे काढता आले नसते.

१९६४ च्या अखेरीस लुईव्हिल येथील कॅथरिन स्पॉल्डिंग महाविद्यालयात ह्या रेखाटनांचे प्रदर्शन भरले आणि ते पुढे इतर शहरांतही फिरले. विक्रीतून येणारे पैसे एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीसाठी होते. ह्या प्रदर्शनाच्या निमित्ताने मर्टन यांनी लिहिलेले छोटेखानी टिपण, काही रेखाटनांसह, १९६६ च्या ‘रेड्स ऑन द अनस्पीकेबल’ ह्या पुस्तकात आहे. त्याचा मथितार्थ असा: ह्या खुणांना कलाकृती समजू नका, त्यांत अर्थ शोधू नका, त्यांना पौर्वात्य किंवा पाश्चात्त्य अशी चिठ्ठी लावू नका, त्या कशाच्याही खुणा नाहीत, त्या नुसत्या आहेत.

येथे आमचा मर्टन यांच्याशी मतभेद आहे. चित्र चौकटीत बसवायचे, त्याला किंमत लावायची, आणि वर ह्याची पारख करू नका असे बजवायचे, हे न्याय्य नव्हे. ती नम्रता दिसते खरी. पण तिच्यात चित्रकाराने आपल्याभोवती घातलेले कुंपणही आहे. हौशी कलावंतांना हे कुंपण फार प्रिय असते. आपण बुवा काही चित्रकार नाही, असे म्हटले की मग वाईट चित्राचीही जबाबदारी राहत नाही. मर्टन यांच्या त्या डझनभर पानांना ह्या संरक्षणाची मुळीच गरज नव्हती, आणि बाकीच्यांना ते वाचवू शकत नाही.

ह्या बाबतीत त्यांचा मित्र ॲड राइनहार्ट अधिक कठोर होता. राइनहार्ट हा कोलंबियातील त्यांचा सोबती, ‘जेस्टर’चा सहकारी, आणि पुढे अमेरिकेतील अमूर्त चित्रकलेचा एक प्रमुख पुरुष. पूर्णपणे काळी भासणारी त्याची चित्रे प्रसिद्ध आहेत. मर्टन यांनी आपल्या खोलीसाठी मागितले म्हणून १९५७ साली त्याने त्यांना एक लहानसे चित्र दिले. प्रथमदर्शनी ते निव्वळ काळे. पुष्कळ वेळ पाहत राहिले, तर त्या काळ्यात किंचित निराळ्या काळ्याचा एक क्रूस हळूहळू वर येतो. डोळे रोखून कष्ट घेतल्यावाचून क्रूस दिसत नाही, आणि तरीही किंवा त्यामुळेच हे चित्र अत्यंत भक्तिपूर्ण आहे, असे मर्टन यांनी आपल्या दैनंदिनीत लिहून ठेवले. एका क्षणात ओढलेला मर्टन यांचा फराटा आणि पातळ रंगाचे थर देत देत राइनहार्टने घडवलेला हा अंधार एकमेकांशेजारी ठेवले, म्हणजे हौस आणि व्यासंग यांतील अंतर कळते. राइनहार्टने त्यांना उत्तम प्रतीचे कागद पाठवले होते, आणि मर्टन यांनी त्याला आपला एक ठसा. १९६७ साली राइनहार्ट अकस्मात वारला तेव्हा मर्टन यांनी त्याच्यासाठी मिस्साबली अर्पण केला.

लेखक असून उतारवयात चित्रांकडे वळलेला दुसरा थोर पुरुष आपल्याच देशात होऊन गेला. १९२४ साली अर्जेंटिनात ‘पूरबी’च्या कविता लिहीत असताना रवींद्रनाथ टागोर खोडलेल्या ओळी रेघांनी एकमेकींना जोडीत, आणि त्या खाडाखोडीतून पक्षी, जनावरे, कधी न पाहिलेले चेहरे उगवत. पुढे त्यांनी रंगीत शाया, चिंध्या, स्वतःची बोटे, जे सापडेल ते वापरले. १९३० च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन भरले तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. (त्याच युरोपयात्रेत त्यांनी जर्मनीतील ओबरआमरगाउ येथे ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे सुप्रसिद्ध नाट्य पाहिले आणि ‘द चाइल्ड’ हे दीर्घकाव्य थेट इंग्रजीत लिहिले, ही गोष्ट आमच्या वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावी.) चित्रकार म्हणून रवींद्रनाथ मर्टन यांच्याहून कितीतरी मोठे, ह्यात शंका नाही. त्यांचे चित्र खोडलेल्या शब्दाच्या जागी उगवते आणि त्याला लगेच चोच फुटते, डोळा फुटतो. त्या प्रतिभेला निर्माण केल्यावाचून राहवत नाही. मर्टन यांचे चांगले चित्र शब्द तोंडाशी येण्यापूर्वीच थांबते.

येथे श्रद्धावंत वाचकाच्या मनात एक प्रश्न येईल, आणि तो यावा. आपला धर्म शब्द देही झाल्याचा धर्म आहे. ख्रिस्ताला संत पौलाने अदृश्य देवाची प्रतिमा म्हटले. त्याच आधारावर ७८७ साली नायसियाच्या दुसऱ्या महासभेने प्रतिमाभंजकांना उत्तर देऊन पवित्र प्रतिमांचा आदर ग्राह्य ठरवला. मग चेहरा पुसून टाकणारी चित्रकला म्हणजे मागे जाणे नव्हे काय? सगुण हाती आल्यावर पुन्हा निर्गुणाचा आग्रह कशासाठी?

हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. चर्चच्या वेदीमागे शाईचा फराटा लावावा असे कोणी सुचवले तर आम्ही विरोध करू. तेथे थकलेली आई येते, परीक्षेला निघालेला मुलगा येतो, त्यांना क्रुसावरचा चेहरा दिसला पाहिजे. पण चर्चने कोणतीही एक शैली आपली म्हणून कधीच ठरवलेली नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनाविषयक दस्तऐवजात १९६३ साली स्पष्टपणे सांगितले आहे. दुसरे असे, की प्रतिमांवर सर्वांत गाढ प्रेम करणाऱ्यांनीच प्रतिमांपलीकडचा अंधारही अनुभवला आहे. क्रूसभक्त संत योहान ह्यांनी आत्म्याच्या काळोख्या रात्रीवर लिहिले. त्याच संताने आविला येथे क्रुसावरील प्रभूचे एक चिमुकले शाईचे रेखाटन केले, जे आजही तेथील मठात आहे. प्रभू त्यात वरून आणि बाजूने दिसतो, चेहरा खाली झुकलेला. शिक्षित चित्रकाराने असा कोन निवडला नसता. म्हणजे चित्रकला ज्याचा व्यवसाय नव्हता अशा एका संताच्या हातून प्रतिमा आणि अंधार एकाच कागदावर उतरले. मिस्सेत ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतर आपण काही क्षण स्तब्ध बसतो. ती स्तब्धता कशाविषयी आहे, असे कोणी विचारीत नाही. तिच्या आधी वचन झालेले असते, भाकर मोडलेली असते. ती नुसती पोकळी नसते. मर्टन यांच्या चांगल्या चित्रांतील कोरी जागा आम्ही अशी समजतो. मोझेइकमधला ख्रिस्त ज्याने आधी डोळे भरून पाहिला होता त्याची ती कोरी जागा आहे.

आणि म्हणूनच आमच्या गृहस्थांना दिलेले आमचे उत्तर आम्हांला आता अधिक सलते. त्यांनी चर्च रंगवले होते, होड्या रंगवल्या होत्या. ते टप्पे गाळून ते फळीवर रंग ओतू लागले नव्हते. आम्ही त्यांना पुन्हा पहिल्या इयत्तेत बसवले.

हौशी ह्या शब्दाविषयी दोन शब्द. आमच्या सेमिनरीतले थोडेफार लॅटिन सांगते, की इंग्रजीतील ‘ॲमॅच्युअर’च्या मुळाशी प्रेम करणे हा धातू आहे. आपली ‘हौस’ अरबीतून आलेली, आणि तिच्या मुळाशी आहे अनावर इच्छा. हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो आणि त्यातून खर्चिक लग्ने सुचवतो. पण हौशी नाटक, हौशी गायक म्हणताना आपला सूर थोडा खाली येतो. गावातील माणसाने पेटी वाजवली, कविता लिहिली, की आपण कौतुक करतो ते त्याच्या फावल्या वेळाच्या सदुपयोगाचे. कृती पाहतच नाही. खरे तर कोणाची पारख न करणे हा त्याचा सन्मान नसून उपेक्षा आहे. वासुदेव गायतोंडे यांच्यासारखा चित्रकार वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत असे. रूळ आणि पाते घेऊन रंग चढवायचा, खरवडायचा, वाट पाहायची. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेले त्यांना रुचत नसे. वस्तुनिरपेक्ष हा शब्द त्यांना अधिक पसंत होता. १९६४ साली, मर्टन यांचे प्रदर्शन भरले त्याच वर्षी, ते रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. झेन विचाराची ओढ त्यांनाही होती. त्यांच्या चित्रासमोर उभे राहून ‘रंग छान साधले आहेत’ असे म्हणण्याचे धाडस आम्ही केले नसते. मग होडीच्या रंगाने फळी रंगवणाऱ्या माणसासमोर ते केले ते का? त्याची कृती गायतोंड्यांच्या तोलाची नाही, म्हणून तिच्याकडे पाहण्याचे कष्टही कमी घ्यावेत, असा हिशेब आम्ही नकळत केला होता.

मर्टन १० डिसेंबर १९६८ रोजी बँकॉकजवळ एका धर्मपरिषदेला गेले असता विजेच्या सदोष पंख्यामुळे मरण पावले. मठात प्रवेश केल्याला त्या दिवशी बरोबर सत्तावीस वर्षे झाली होती. शेवटच्या काही महिन्यांत ते चित्रांपेक्षा छायाचित्रणात अधिक रमले होते.

रॉजर लिप्सी यांचे ‘एंजेलिक मिस्टेक्स’, म्हणजे देवदूतांच्या चुका, हे २००६ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक मर्टन यांच्या चित्रांवरील सर्वांत जाणतेपणाने केलेले लेखन आहे. इंग्रजी वाचणाऱ्यांनी ते मिळवून पाहावे. ते घेऊन आम्ही गेल्या महिन्यात त्या गृहस्थांकडे गेलो. मागच्या उत्तराविषयी काही बोलावे असे मनात होते, ते राहूनच गेले, कारण त्यांनी चष्मा लावून पुस्तक उघडले होते. हे कशाचे चित्र, असे त्यांनी एकदाही विचारले नाही. कागद कुठला वापरला असेल, हे विचारले. एका पानावर बोट ठेवून म्हणाले, “इथं हात आधीच थांबायला हवा होता.” ते पान आमच्याही मते थोडे जास्त झालेले होते. काड्यांच्या पानावर मात्र ते बराच वेळ राहिले.

मग आम्ही त्यांना, त्यांची नवी चित्रे दाखवाल का, असे विचारले. ते थोडे घुटमळले, आत गेले आणि एक फळी दोन्ही हातांनी आडवी धरून सावकाश बाहेर घेऊन आले.

“हात लावू नका, फादर,” ते म्हणाले, “अजून ओलं आहे.”